शेवट सांगायची ड्युटी

गेटकीपरला सिनेमा फुकट पाहायला मिळतो असा लोकांचा गोड गैरसमज आहे. खरं म्हणजे गेटकीपरला सिनेमा ऐकायला मिळतो, आणि तोही पाठीकडून. तोंड दाराकडे, कान पब्लिककडे, एक हात कडीवर आणि दुसऱ्यात टॉर्च. पुसदच्या एका टॉकीजच्या गेटवर मी अशी उमर काढली. गेल्या वर्षी गेट सोडलं तेव्हा माझी नात म्हणाली, "आजी, तू हजारो पिक्चर पाह्यले असशीन." मी म्हटलं, पाहिले नाहीत गं, सांभाळले.

मला हे काम मिळालं कारण त्या काळी बायकांचं गेट वेगळं असायचं आणि तिथं बाईच लागायची. पुढे बायकांचं गेट बंद झालं, मधला कठडा काढला, पुरुष गेटकीपर कोणी पुण्याला गेले, कोणी पानटपरी टाकली, आणि सगळी गेटं माझ्या गळ्यात आली. काम सोपं वाटतं. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, अंधारात पाय अडखळणाऱ्याला खुर्ची दाखवायची, विजेची लाईन गेली की चिडलेल्या पब्लिकसमोर उभं राहायचं, आणि पिक्चर संपायच्या थोडं आधी दारांच्या कड्या काढून ठेवायच्या. पिक्चर चालणार की पडणार हे मालकाला गल्ल्यावरून कळायचं. मला त्याआधी, सुटताना पब्लिकच्या पायांवरून कळायचं. आवडलेला पिक्चर पाहिलेला माणूस भराभर चालतो. त्याला कोणाला तरी सांगायचं असतं. न आवडलेला पाहिलेला माणूस चप्पल घासत, इकडेतिकडे पाहत निघतो.

या सगळ्यावर आमच्या टॉकीजला आणखी एक काम होतं, ते मात्र कुठल्याही मालकानं सांगितलेलं नव्हतं. ते म्हणजे शेवट सांगायचं.

टॉकीज एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. तीनच्या शोला निम्मं पब्लिक खेड्यांतलं. बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला आलेलं. आणि त्यांची गाडी साडेपाचची. पिक्चर सुटतो सहाच्या सुमाराला. म्हणजे हिरो आणि व्हिलन समोरासमोर आले, की इकडे अर्धं थिएटर पिशव्या काखोटीला मारून उठायचं. हे लोक जाताना माझ्याजवळ थांबायचे. "बाई, शेवटी काय होते?" मी एका वाक्यात सांगायची. "व्हिलन पुलावरून पडतो, दोघांचं लग्न." की निघाले. पुष्कळदा गाडी हलायच्या बेतात असायची, तेव्हा कंडक्टर खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "बाई, पोरगी भेटली का?" मी इथून हात वर करून ओरडायची, "भेटली!" आणि सबंध गाडीचा जीव भांड्यात पडायचा. मला या कामाचा फार अभिमान होता, आजही आहे. आमच्या तालुक्यात अशी कित्येक माणसं आहेत ज्यांनी एकाही पिक्चरचा शेवट डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि तरी त्यांचं काही अडलं नाही.

त्या कामाला खीळ बसली ती एका पिक्चरमुळे. अलीकडचीच गोष्ट आहे, सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांतली.

गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. धरणावरचा एक नावाडी असतो. त्याच्या मुलीला कोणीतरी मारून टाकतं. पोलीस हात वर करतात. नावाडी स्वतःच शोधत शोधत एका माणसापर्यंत पोचतो. त्याला झोपडीत बांधून ठेवतो, मारतो, उपाशी ठेवतो. शेवटी तो माणूस म्हणतो, "हो, मीच." नावाडी त्याला नावेत घालतो, नाव पाण्यात ढकलतो आणि स्वतःही चढतो. इथपर्यंत पाहून साडेपाचच्या गाडीवाले उठायचे. त्यांच्या दृष्टीनं न्याय झाला, विषय संपला. पण खरी भानगड त्यानंतर होती. मधल्या पाण्यात गेल्यावर तो माणूस म्हणतो, "मी नव्हतो. मार सहन झाला नाही म्हणून हो म्हणालो." नावाडी वल्हं उचलतो. पडदा काळा. मग सकाळ. नाव काठाला येते. नावेत एकच माणूस, आपल्याकडे पाठ, डोक्यावरून नावाड्याची घोंगडी. तो उतरतो आणि चालत जातो. संपलं. परत कोण आला, आणि तो माणूस खरा गुन्हेगार होता की नव्हता, दोन्ही सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी कड्या काढून ठेवल्या, दिवे लागले, आणि कोणी उठेचना. इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. पोरं शिट्टी मारायला तोंडात बोटं घालून बसली होती, ती तशीच राहिली. मग एकदम गिल्ला झाला. एकजण तरातरा वर केबिनमध्ये गेला आणि आमचे ऑपरेटर भास्करराव यांची त्यानं कॉलर धरली. "शेवटची रीळ कापली ना बे तुम्ही? सहाचा शो लवकर लावाले?" पूर्वी असं व्हायचं, हे मी नाकारत नाही. पिक्चर लांबला की एखादं गाणं गुपचूप गाळलं जायचं, आणि लोकांना ते बरोबर कळायचं. पण आता रीळ राहिलीच कुठे? पिक्चर कॉम्प्युटरच्या डबीतून येतो, कापायचा म्हटला तरी कापता येत नाही. भास्कररावांनी मशीन उघडून दाखवली. तो माणूस मशीनमध्ये वाकून पाहत राहिला. त्याला खरंच वाटत होतं, शेवट आत कुठेतरी अडकला असेल.

मग रोजची गंमत सुरू झाली. एक हवालदार वर्दीतच येऊन गेले. म्हणाले, कायद्यानं पाहिलं तर पहिल्याच अर्ध्या तासात नावाड्याला आत घ्यायला पाहिजे. मी म्हटलं, "साहेब, मग पिक्चर कसा होईल?" तर म्हणाले, "नाही झाला तरी चालते." नवीन लग्न झालेलं एक जोडपं भांडत बाहेर आलं, ती म्हणे नावाडी आला, तो म्हणे दुसरा, आणि दोघं दोन वेगवेगळ्या ऑटोंत बसून गेले. घोंगडीखालच्या माणसाचे पाय कसे पडतात हे पाहायला कॉलेजची पोरं परत तिकीट काढून आली. एक तांड्यावरची म्हातारी मात्र वेगळंच बोलली. तिला पायांशी काही घेणं नव्हतं. ती म्हणाली, "त्या बांधलेल्या पोराची याडी कुटं दाखवलीच नाही. तिले कोन सांगीन?" याडी म्हणजे आई.

पिक्चर उतरेना. मालक खूश, आणि मी बेजार. कारण साडेपाचच्या गाडीवाल्यांना काय सांगावं हेच मला कळेनासं झालं. "बाई, काय झालं?" असं विचारलं की मी म्हणायची, "नाव परत येते." "कोन येते?" "एकजण येतो." "कोन?" गाडी हॉर्न देते आहे, माणूस एका पायावर उभा आहे, आणि मी तोंड उघडं टाकून उभी. मी स्वतः तो शेवट दाराच्या फटीतून कितीदा तरी पाहिला. एकदा वाटलं नावाडीच. दुसऱ्यांदा वाटलं, नाही, हा खांदा त्याचा नाही. कंडक्टर तर शेवटी चिडला. "बाई, तुमचं काम नीट करत जा," म्हणाला.

या सगळ्यात एक बाई मला पहिल्या आठवड्यापासून दिसत होती. एकटी यायची. भिंतीकडच्या खुर्चीवर बसायची, मध्यंतरात चहा घ्यायची नाही, आणि नाव पाण्यात ढकलली की उठून गाडीला जायची. मला वाटायचं, बसायला पंख्याखाली जागा हवी म्हणून येत असेल. तशाही बायका येतात. तिसऱ्यांदा आली तेव्हा उठून जाताना ती माझ्याजवळ थांबली.

"बाई, थो खरा होता का?"

"कोण?"

"ज्याले नावेत नेलं थो. त्यानंच मारलं होतं का पोरीले?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "गेटावर राह्यता अन् मालूम नाही?"

इतकं बोलून ती निघून गेली. कंडक्टरला मी तिच्याबद्दल विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. तिचं नाव पंचफुलाबाई. गाव फाट्यापासून आत. एकुलता एक मुलगा, संदीप, मागच्या वर्षी शेतातून सायकलवर घरी येताना नाल्याच्या वळणावर मेलेला सापडला. गाडीनं उडवलं होतं. पाहिलं कोणीच नाही. पण त्याच गावचा गजू काळीपिवळी जीप चालवतो, आणि त्या दिवशी त्याच्या जीपचा पुढचा दिवा फुटलेला होता. गजूनं पोलिसांना सांगितलं, रोही धडकला. आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगायी, रस्त्यावर येतातच, त्यामुळे ते खोटंही म्हणता येईना. केस लागली. तो जामिनावर सुटला आणि परत जीप चालवू लागला. पंचफुलाबाई तारखेला पुसदला यायची. तारीख पुढे पडली, की गाडीच्या वेळेपर्यंत जायचं कुठे म्हणून एकदा टॉकीजमध्ये शिरली, आणि नंतर बाजाराच्या दिवशी मुद्दाम येऊ लागली.

आता साडेपाचनंतर तिच्या गावाला जायला एकच वाहन होतं. गजूची जीप. शेवटापर्यंत बसणारे गावकरी त्याच जीपनं जायचे. ती त्या जीपमध्ये बसत नव्हती. म्हणून तिनं "हो, मीच" एवढं ऐकलं होतं, आणि "मी नव्हतो" हे ऐकलंच नव्हतं.

मी किती घाबरले ते लिहून सांगता येणार नाही. ही बाई परत परत येते, मार पाहते, कबुली पाहते, आणि नाव पाण्यात गेली की उठून त्याच गावात जाते जिथे गजू राहतो. तिला मी एका वाक्यात गप्प करू शकले असते. "तो निर्दोष होता बाई, नावाडी मग फार पस्तावतो." सांगायची सवयच होती मला. पण हे खरं नव्हतं. आणि "तोच होता" हेही खरं नव्हतं. माझ्या जिभेवर दोन्ही वाक्यं तयार होती आणि एकही बाहेर पडेना.

पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा तिच्या पिशवीतून नव्या विळ्याची मूठ दिसत होती. सोंगणीचे दिवस होते, त्या बाजारात प्रत्येकाच्या पिशवीत विळा होता, हे मलाही कळत होतं. तरी माझी नजर तिथून हलेना. मी तिला बाजूला घेतलं.

"पंचफुलाबाई, आज शेवट पाहून जा. मी सांगून तुमचं समाधान व्हायचं नाही. रात्री माझ्याकडे राहा, सकाळी पहिल्या गाडीनं जा."

तिला आपलं नाव ऐकून नवल वाटलं. "घरी गाय हाय," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "शेजारीन पाहीन."

नाव पाण्यात गेली. गाडीवाले उठून गेले. ती बसून राहिली. मी त्या दिवशी पडद्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहत होते. "मी नव्हतो" हे वाक्य आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मग पिशवीवर दोन्ही हात ठेवून ती तशीच बसली, नाव परत येईपर्यंत, घोंगडीवाला दिसेनासा होईपर्यंत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय वाटलं?"

"दोघंच गेले ना पान्यात," ती म्हणाली. "मंग कोन आयकीन?"

मला अर्थ लागला नाही. मी म्हटलं, "चला, घर जवळच आहे." ती माझ्या घराकडे वळली नाही. सरळ जीपच्या स्टँडकडे चालू लागली. तिचे पाय भराभर पडत होते. सहाच्या शोचं पब्लिक आत यायचं होतं, मॅनेजर हाका मारत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गेट तसंच टाकून तिच्यामागे धावले.

"पिशवी माझ्याजवळ द्या," मी म्हटलं.

"कायले? तुम्ही बी येता काय सोंगाले?" असं म्हणून तिनं ती दिली. इतक्या सहज दिली की मीच ओशाळले.

गजूची जीप भरत आली होती. मागे आठ-दहा माणसं दाटीवाटीनं बसलेली, सगळी आमच्याच टॉकीजमधून निघालेली. गजू म्हणजे पंचविशीतला, बारीक पोरगा. तिला पाहून त्याचा हात चावीवरच राहिला.

"मावशी, तुम्ही?"

"काहून? शीट खाली नाही काय?"

ती पुढे, त्याच्या शेजारी बसली. तिच्या बाजूला मी, मांडीवर पिशवी. परत कसं यायचं याचा मी विचारही केला नव्हता. मागे वाद जोरात चालू होता. "अबे हिरोच होता थो, चालनं नाही पाह्यलं काय?" "घोंगडी त्याची होती, पाय कुठं त्याचे होते?" पण जीप पुसद ओलांडून कापसाच्या शेतांमधून निघाली, आणि पुढे कोण बसलं आहे हे मागच्यांच्या लक्षात येत गेलं, तसा एकेक आवाज बंद झाला. शेवटी फक्त इंजिन ऐकू येत होतं.

दिवेलागणीची वेळ. संदीप सापडला ते नाल्याचं वळण आलं.

"इथं थांबव," पंचफुलाबाई म्हणाली.

त्यानं थांबवली. इंजिनही बंद केलं. ती उतरली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत, मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "गजू, तू होता का?"

पिशवी मी पोटाशी धरली होती. मला वाटलं, आता तो म्हणेल, रोही होता मावशी, पोलिसांना सांगितलं ना. तेवढं म्हणायला त्याला काहीच अडचण नव्हती. वर्षभर तेच म्हणत होता.

"मले रोही वाटला, मावशी," गजू म्हणाला.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. रोही 'होता' म्हणाला नाही तो. वाटला.

"वाटला," ती म्हणाली. "पोलिसाले तं तू रोही होता म्हून सांगतलं."

त्यानं चावी काढून मुठीत धरली.

"अन् रोही असता तरी उतरून पाह्यतात रे, बापू. मुकं जनावर असलं तरी पाह्यतात."

"भेव लागलं," गजू म्हणाला. "काहीतरी आवाज आला, मावशी. मान्सासारखा. मंग मले भेव लागलं." आणि त्यानं स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं.

दोघंच गेले तर ऐकेल कोण, हे तिचं बोलणं मला तेव्हा कुठं समजलं. ती मुद्दाम भरल्या जीपमध्ये बसली होती. पण ती त्याला माफ करायला आली होती की अडकवायला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं, तिथं राग नव्हता, समाधानही नव्हतं. मला तिची दया आली, त्याची आली, आणि कोणाची जास्त येते आहे हे समजेना म्हणून स्वतःचाच संताप आला.

गजूचे खांदे हलत होते. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "चाल गा गजू आता, अंधार पडून राह्यला."

पंचफुलाबाईनं मागे न वळता हात वर केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "माह्या पोराजवळ थांबला नाही थो. आता थांबला तं थांबू द्या."